अण्णांची फरशी

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, घरात पहिली फरशी कोणत्या साली बसली हे तो न अडखळता सांगेल. पाऊस कधी किती झाला, कोणत्या हंगामात हळद किती निघाली, यावर दोन भावांचं एकमत होणार नाही. फरशीचं साल मात्र पक्कं असतं, कारण ते घरातल्या एखाद्या लग्नाला, बाळंतपणाला नाहीतर संकटाला बांधलेलं असतं. आम्ही भावंडं ज्या घरात वाढलो, त्या घराची जमीन आमच्या डोळ्यांदेखत पुन्हापुन्हा बदलली. आधी सारवलेली भुई होती. मग ओसरीत शहाबादी आली, मग माजघरात मोझॅक. आणि आता त्याच मोझॅकवर इपॉक्सीचा पारदर्शक थर चढला आहे.

भुईचं सांगायचं तर आधी मातीचं सांगावं लागेल. आमचं घर धाब्याचं होतं, जाड भिंतींचं. शेतातली काळी माती भुईला चालायची नाही. ती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून भुईला पांढरी माती लागायची. बैलगाडीतून ती यायची, चाळली जायची, भिजवून पसरली जायची आणि धुम्मसाने ठोकून बसवली जायची. त्यावर शेणाचं सारवण. शेणातल्या गवताच्या बारीक काड्या मातीला धरून ठेवतात, म्हणून सारवलेली भुई लवकर उकलत नाही. हे कारण आम्हाला फार पुढे कळलं, पण मायला ते हातानेच ठाऊक होतं. शेण पातळ झालं की ती नुसत्या बोटांनी ओळखायची आणि मूठभर माती टाकायची.

माय पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दारापर्यंत यायची. हाताचा अर्धगोल फिरायचा, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. वाळल्यावर ते सगळे अर्धगोल एका रांगेत दिसायचे आणि कोणती बाजू कुणी सारवली हे घरातला प्रत्येक जण सांगू शकायचा. मायचे अर्धगोल मोठे, काकूचे जवळजवळ, आणि अक्काचे वाकडेतिकडे, कारण ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. मी त्या कामाला लागले तेव्हा अक्का माझ्या शेजारी बसून मनगट कसं फिरवायचं ते दाखवायची. वाळेपर्यंत आत कुणी पाय टाकायचा नाही. दादा मुद्दाम उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा आणि माय ओरडायची, "पाय टाकशील तर तूच सारवशील!"

त्या भुईची आठवण सगळ्यांनाच गोड वाटते. उन्हाळ्यात ती थंड असायची, तिच्यावर घोंगडी टाकून झोपलं की पाठ दुखायची नाही, सांडलेलं पाणी ती पिऊन टाकायची. पण आम्हा बहिणींची आठवण थोडी वेगळी आहे. पौष महिन्यातल्या पहाटे गार शेणकाल्यात हात घालताना बोटं वळायची नाहीत. माय आणि काकू दोघींचे गुडघे पन्नाशीच्या आत गेले. दर आठवड्याला सारवण, पोळ्याला सारवण, महालक्ष्म्यांना सारवण, दसऱ्याला सारवण, आणि कुणाच्या घरी सोयरे यायचे असले की पुन्हा सारवण. त्या जमिनीवर आमचा जीव होता. ती परत यावी असं मात्र आमच्यातल्या एकीलाही वाटत नाही, आणि हे मी ठामपणे लिहून ठेवते, कारण सारवलेल्या भुईचं कौतुक करणाऱ्या बहुतेकांनी ती कधी सारवलेली नसते.

ओसरीत शहाबादी आली तेव्हा आम्ही शाळेत होतो. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. तो १९९९ साली झाला, आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यातले. शहाबाद हे गाव गुलबर्ग्याकडचं. १९५६ पर्यंत गुलबर्गा आणि परभणी दोन्ही हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळे हा दगड मराठवाड्याला कधी परका नव्हता. वाड्यांच्या चौकात, देवळाच्या सभामंडपात, कचेरीच्या व्हरांड्यात तो होताच. सामान्य कुणब्याच्या ओसरीत यायला मात्र पैसा लागत होता. तो आला पाण्याने. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं झाली, पूर्णा प्रकल्पाचे कालवे वसमत भागात फिरले, ऊस आला, केळी आली, हळद वाढली. आमच्या ओसरीच्या शहाबादीत त्या कालव्याचं पाणी आहे, असं आमचे वडील, अण्णा, म्हणायचे.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा निळसर-करडा दगड. तो थरांनी निघतो, त्यामुळे वरचा भाग मुळातच सपाट असतो. तरी कडा हाताने घडवलेल्या, म्हणून सांधे रुंद. त्या सांध्यांत धूळ, ज्वारीचे दाणे, मुंग्या, आणि शिमग्याच्या पुढे हळद. हळदीचं कुरुंद्यात वेगळं सांगायला नको. शिजवलेली हळद वाळत घातली की सगळ्या गावाच्या टाचा पिवळ्या होतात. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकनाची झाली आहे, वसमतला हळदीचं संशोधन केंद्रही उभं राहिलं. आमच्या लहानपणी मात्र तिचं मोठेपण आम्हाला एकाच ठिकाणी दिसायचं: ओसरीच्या फरशीवर उमटलेल्या पावलांत. माय ती पावलं घासायची नाही. "ऊन खाईल ते," म्हणायची. आणि खरंच, ओसरीवर दुपारचं ऊन यायचं तिथली पावलं काही दिवसांत फिकी पडायची. सावलीतली तशीच राहायची. हळदीचा पिवळा रंग ज्या करक्युमिनमुळे असतो, ते उजेडात मोडतं. मायने रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण फरशीचा कोणता भाग घासायचा आणि कोणता उन्हावर सोडायचा हे तिला चोख माहीत होतं.

मग १९९३ आलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, आणि त्यांतली कितीतरी दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचं जड छत अंगावर येऊन गेली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण त्या पहाटेनंतर मराठवाड्यातल्या घराघरांत माणसं रात्री पडल्यापडल्या वरच्या तुळया बघू लागली. अण्णाही बघू लागले. माझं लग्न ठरत होतं. अण्णांनी दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या: माजघरावरचं धाबं उतरवायचं, स्लॅब टाकायचा, आणि मांडव पडायच्या आधी खाली मोझॅक बसवायची.

ती फरशी निवडायला अण्णा नांदेडला गेले आणि बरोबर दादाला नेलं. दुकानात नमुन्याच्या लाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मोझॅकची लादी दोन थरांची असते. खालचा थर साधा वाळू-सिमेंटचा, वरचा संगमरवराच्या चिपा घातलेल्या रंगीत सिमेंटचा, आणि दोन्ही यंत्रात दाबून एकजीव केलेले. मुंबईत अशा सिमेंटच्या लाद्या १९२२ पासून भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी करत होती. स्वदेशीच्या वाऱ्यात निघालेला तो कारखाना. तिथून सत्तर वर्षांनी ती चाल आमच्या माजघरापर्यंत पोहोचली. अण्णांनी मळकट पांढऱ्या रंगात काळ्या आणि विटकरी चिपा असलेली लादी घेतली. का, तर त्यावर हळदीचा डाग दिसणार नाही. बाकी कुणाला विचारलं नाही.

बसवल्यावर ती फरशी अगदीच निस्तेज होती आणि माय हिरमुसली. मग पाणी मारण्याचे दिवस गेले आणि पॉलिशचं मशीन आलं. त्या मशीनचा आवाज आमच्या पिढीला झोपेतही ओळखू येईल. खाली फिरणारे कार्बोरंडमचे दगड, आधी खरबरीत, मग बारीक. वरून सतत पाणी. आणि दारातून वाहणारा करडा राडा. त्या राड्याखालून चिपा एकेक करून वर आल्या. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर टाकून घासलं आणि माजघरात खिडकीचा उजेड खाली दिसू लागला. माझ्या लग्नात पाहुणे जेवायला बसले ते त्या फरशीवर. पुढे अक्काची पोरं तिच्यावर रांगली, दादाचीही. अण्णांना शेवटी त्याच फरशीवर ठेवलं होतं.

तीस वर्षांत तिची रया गेली. यात कुणाचा दोष नाही. सिमेंट आणि संगमरवर दोन्हींत चुन्याचा अंश असतो, आणि संडास-न्हाणीसाठी आणलेलं ॲसिड डाग काढायला फरशीवर टाकलं की ते डागाबरोबर पॉलिशही खातं. पॉलिश गेलं की बारीक छिद्रं उघडी पडतात. मग तेल आत जातं, चहा जातो, महालक्ष्म्यांच्या पावलांचं कुंकू जातं. सारवलेल्या भुईवर कुंकवाची पावलं पुढच्या सारवणापर्यंत राहायची. मोझॅकवर ती वर्षभर राहू लागली. त्यात जुलै २०२२ चा पूर आला. गावात पाणी शिरलं, आमच्याकडे ते आतपर्यंत आलं आणि उतरताना सगळीकडे गाळ ठेवून गेलं. गाळ आम्ही काढला, पण लाद्यांखालची ओल बसून राहिली. कोपऱ्यात पांढरी भुकटी फुलायची, पुसली की पुन्हा यायची.

दादाच्या सुनेचं म्हणणं सरळ होतं: काढून टाका, मोरबीची चकचकीत मोठी टाइल बसवा. तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. फरशी रोज पुसणारी ती आहे, आणि जी बाई जमीन पुसते तिचा शब्द त्या जमिनीवर पहिला, हे मी मायकडून शिकले. पण दादाला ती फरशी उखडवेना. अक्का फोनवर रडली. मधला मार्ग भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने काढला, तो नांदेडला बांधकामाच्या कामात आहे. तो म्हणाला, "आत्या, फरशी तशीच ठेवू. वरून क्लिअर इपॉक्सी मारू. खालचं सगळं दिसेल, पण पाणी आत जाणार नाही."

इपॉक्सी म्हटल्यावर दादा बिचकला, पण ती वस्तू आमच्या घरात नवी नव्हतीच. अण्णांच्या लाकडी पेटीत एम-सीलची पुडी कायम असायची. दोन रंगांच्या दोन कांड्या, सारख्या तोडायच्या, एक रंग होईपर्यंत मळायच्या. गळकी घागर, फवारणी पंपाची टाकी, मोटारीच्या पाइपाचा सांधा, सगळ्यांना तेच औषध. शिवाय अराल्डाइटच्या दोन ट्यूब. दोन्ही इपॉक्सीच. या रसायनाचा एक शोध स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां यांनी दातांसाठी साहित्य शोधताना लावला. सीबा कंपनीने त्यावर १९४६ साली बाझेलच्या प्रदर्शनात अराल्डाइट आणलं. दातांपासून निघालेली ती गोष्ट आमच्याकडे पाण्याच्या मोटारीपर्यंत आली, आणि आता फरशीवर. भाच्याने हे आजोबांच्या पेटीवरून समजावलं तेव्हा दादाचा चेहरा निवळला.

तरी काम लगेच सुरू झालं नाही, आणि ही गोष्ट ज्यांना आपल्या घरी हा थर द्यायचा आहे त्यांनी लक्षात घ्यावी. ओल्या जमिनीवर इपॉक्सी टिकत नाही. खालची ओल वर येऊ पाहते, थर ती सोडत नाही, मग फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. आमचं गाव काळ्या मातीवर, त्यात पुराचं पाणी मुरलेलं. भाच्याने प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला. काढला तर आतून दव धरलेलं. म्हणून उन्हाळा जाऊ दिला. पुन्हा ठेवला, कोपऱ्यात तेच. मग बाहेरच्या भिंतीलगतची माती खोदून उतार काढला, पन्हाळीचं पाणी लांब नेलं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तुकडा कोरडा निघाला.

मधल्या काळात जमीनही हलली. २१ मार्च आणि १० जुलै २०२४, दोन्ही सकाळी हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांग्रा शिंदेच्या बाजूला जमिनीतून आवाज येण्याची गोष्ट तर लोकांच्या अंगवळणी पडली आहे. आमच्या माजघरात देवघराच्या भिंतीपासून एक बारीक रेघ चार लाद्या ओलांडून गेली. ती त्या धक्क्यांची की काळ्या मातीच्या फुगण्याची, कोण सांगणार? भाच्याने त्या रेघेवर इपॉक्सी भरू दिलं नाही. इपॉक्सी वाळलं की कडक होतं. खालची भेग हलली की वरचा थरही तिथेच तडकतो. तिथे त्याने लवचीक सीलंट भरलं आणि रेघ दिसू दिली.

मग मशीन पुन्हा आलं, तोच आवाज, या वेळी राड्याऐवजी धूळ ओढून घेणारं. जुनं पॉलिश, मेण, तेल सगळं काढायचं, कारण गुळगुळीत आणि तेलकट जागेला इपॉक्सी धरत नाही. चकचकीत टाइल असली तरी तिचा वरचा काचेसारखा थर आधी खरवडावा लागतो. धूळ पुसून झाल्यावर कारागिरांनी हातमोजे घातले आणि दारं-खिडक्या उघडल्या. इपॉक्सीच्या दोन भागांपैकी हार्डनर अंगाला लागत राहिलं तर कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते. भाचा त्यांच्यावर सारखा लक्ष ठेवून होता, आणि मला त्याचं ते लक्ष ठेवणं फार आवडलं.

रेझिन आणि हार्डनर काट्यावर तोलून घेतले. अंदाजाने घेतलं तर थर चिकट राहतो आणि नंतर काही करता येत नाही. रेझिन साखरेच्या पाकासारखं संथ उतरत होतं. कालवलं की पंधरा-वीस मिनिटांत टबातच ते गरम व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि लगेच जमिनीवर ओतायचं. १० बाय १२ फुटांच्या खोलीला १ मिलीमीटरचा थर म्हणजे साधारण ११ लिटर माल. पहिला हात पातळ, छिद्रं भरण्यापुरता. तो संध्याकाळी, फरशी थंड होत असताना दिला. सकाळी दिला असता तर तापत जाणाऱ्या लादीतली हवा फुगून वर आली असती आणि थरात बुडबुडे अडकले असते. दुसऱ्या हाताला रबरी पट्टीने पसरवलं, काट्यांचा रोलर फिरवला, आणि सगळे मागे मागे सरकत दारापर्यंत आले.

मी आणि अक्का ओसरीत बसलो होतो. अक्का म्हणाली, "माय अशीच यायची." आम्ही दोघी काही बोललो नाही. मग दादा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, साठी ओलांडलेला, आणि भाचा आतून ओरडला, "बाबा, पाय टाकू नका!" तेव्हा मात्र आम्ही दोघी खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी पाय ठेवता आला; जड सामान आठवड्याने आत नेलं. चिपा पुन्हा दिसल्या, विटकरी होती ती गडद विटकरी, काळी होती ती ओल्या दगडाइतकी काळी. अण्णांनी दुकानात पाहिलेला रंग बहुधा हाच असेल. थरात काय सुटलं आणि काय राहिलं तेही सांगते. घासूनही न गेलेले दोन-तीन तेलाचे डाग आता कायमचे आत आहेत. मिक्सरशेजारचा एक हळदीचा डागही. सुनेने आधी नाक मुरडलं, मग म्हणाली, राहू द्या, त्याच्यावर आता नवा तर पडणार नाही. यंदा महालक्ष्म्यांची पावलं तिने त्याच फरशीवर काढली आणि विसर्जनानंतर एका पुसण्यात कुंकू निघालं. तिला झालेला आनंद मी पाहिला. गरम कुकर आणि तवा थेट खाली ठेवायचा नाही, हा नियम तिने सगळ्यांना घालून दिला आहे. तापलेल्या भांड्याने थर मऊ पडून वण उठतो. ओल्या पायांनी घसरायला होतं, म्हणून मोरीकडच्या पट्ट्यात भाच्याने थरावर बारीक वाळू टाकून घेतली आहे.

ओसरीचा प्रश्न शिल्लक आहे. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. काही काळाने ते पिवळं पडतं. ज्या उन्हात मायची हळदीची पावलं फिकी व्हायची, त्याच उन्हात हा थर हळदीसारखा होईल. अक्काला शहाबादीला हातच लावायचा नाही. तिचं म्हणणं, तो दगड श्वास घेतो, त्याच्या सांध्यांतून खालची ओल निघून जाते, ती कोंडली तर माजघराच्या भिंतीत चढेल. यात तथ्य आहे आणि भाच्यालाही ते पटलं आहे. उन्हात न पिवळणारे पॉलियुरेथेनचे थर मिळतात, असं तो सांगतो, पण ओलीचं उत्तर त्यांच्याकडेही नाही. सुनेला फक्त सांधे बुजवून हवेत, ज्वारीचे दाणे अडकतात म्हणून. दादाने सांध्यांपुरता होकार दिला आहे. मिस्तरी हळद काढून झाल्यावर येणार, कारण तोवर ओसरी रिकामी मिळायची नाही.